चुकीच्या उत्तरांची वही

धंतोलीतली पोरं घड्याळाच्या आधी सलाईन वाचायला शिकतात. नागपूरच्या या भागात गल्लोगल्ली दवाखाने आहेत. एका इमारतीवर पाच-पाच डॉक्टरांच्या पाट्या, खाली मेडिकल, बाजूला पॅथॉलॉजी, आणि समोर फुटपाथवर डबा घेऊन बसलेले पेशंटचे नातेवाईक. आमच्या मराठी शाळेत यायची ती तकियातली आणि आसपासच्या वस्त्यांतली मुलं. कुणाची आई दवाखान्यात आया, कुणाचा बाप वॉर्डबॉय, कुणाचा मामा मेडिकलच्या काउंटरवर. डॉक्टरांची मुलं आमच्याकडे नसायची. ती इंग्रजी शाळांच्या बसमधून आमच्या फाटकासमोरून जायची.

या मुलांना मी पाचवी ते आठवीचं गणित आणि विज्ञान शिकवलं. बरीच वर्षं शिकवलं. ज्ञानरचनावाद हा शब्द माझ्या नोकरीच्या मध्यावर कुठेतरी आला, चार-पाच वर्षं खूप गाजला, आणि मग परिपत्रकांत दुसरे शब्द आले. तो गाजत होता तेव्हा त्याच्यावर बोलायची सोय नव्हती, कारण बोलायचं म्हणजे कौतुकच करायचं असा रिवाज होता. आता मी निवृत्त आहे.

या वादामागचा एक मानसशास्त्रज्ञ, पियाजे, डी.एड.ला भेटला होता, आठ मार्कांच्या प्रश्नात. बोधात्मक विकासाच्या चार अवस्था, त्यांची वयं, प्रत्येकीची दोन उदाहरणं. दुसरा, व्हिगॉट्स्की, टिपा लिहामध्ये असायचा. दोघांचा जन्म एकाच वर्षी, १८९६ मध्ये झाला, आणि व्हिगॉट्स्की १९३४ साली सदतिसाव्या वर्षी क्षयाने गेला, हे मला फार नंतर कळलं. पण सगळ्यात उशिरा कळलेली आणि सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट वेगळीच. १९२०च्या सुमारास पियाजे पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या घ्यायच्या कामावर होता. बरोबर उत्तरं मोजायची, एवढंच काम. त्याचं लक्ष गेलं चुकीच्या उत्तरांकडे. एका वयाची मुलं एकाच तऱ्हेने चुकतात, म्हणजे त्या चुकण्यामागे काही हिशेब आहे, हे त्याला दिसलं आणि पुढचं सगळं तिथून निघालं. चार अवस्था घोकण्याआधी ही हकिकत कुणी सांगितली असती तर डी.एड.ची दोन वर्षं बरी गेली असती.

त्यानंतर मी एक वही केली. टाचणवही निराळी, ही निराळी. हिच्यात फक्त मुलांची चुकीची उत्तरं, त्यांच्याच शब्दांत. कुणाचं नाव लिहायचं नाही, इयत्ता आणि धडा तेवढा लिहायचा.

पाचवीच्या दशांश अपूर्णांकांची नोंद पहिल्याच पानांवर असेल. फळ्यावर ९९.७, ९९.८, ९९.९ लिहिलं आणि पुढे काय म्हणून विचारलं. निम्म्या वर्गाने हात वर करून सांगितलं, नव्व्याण्णव पॉइंट दहा. बाकीचे गप्प होते. त्यांचंही उत्तर तेच असावं. नवाच्या पुढे दहा येतात, मग इथे का येऊ नयेत? अशा वेळी शंभर असं लिहून, दोनदा म्हणवून घेऊन पुढे जाता येतं, आणि चाचणीत बऱ्याच जणांचं बरोबरही येतं. मी त्या दिवशी विचारलं, की ताप मोजलेला कागद कुणी पाहिलाय का? धंतोलीत हा प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही. पावसाळा नुकताच संपला होता, दोघं-तिघं डेंग्यूतून उठून आलेली. दुसऱ्या दिवशी एकाने घरून आपला जुना तक्ता आणला. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र, प्रत्येक वेळेचा ताप. मुलं त्याच्यावर तुटून पडली. ९८.८ होतं, ९९.४ होतं, १००.२, १०१.६. पॉइंट दहा एकदाही नव्हतं. "मग दहा जाते कुठं?" एकीने विचारलं. बरीच हुज्जत झाली. सिस्टर लिहायला विसरली असेल इथपर्यंत तर्क गेले. शेवटी ज्याचा तक्ता होता तोच म्हणाला, "अरे, दहा झाले का एक पूरा ताप बनते."

एक पूर्ण अंश, असं त्याला म्हणायचं होतं. स्थानिक किमतीची याहून चांगली व्याख्या मी कुठल्या हस्तपुस्तिकेत वाचलेली नाही. अंश हा शब्द मी नंतर सांगितला. तो सांगावाच लागतो, कुठलंही मूल तो स्वतः शोधून काढणार नाही.

आता त्या गाजलेल्या दिवसांविषयी. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ सालचा, प्राध्यापक यशपाल यांच्या अध्यक्षतेखालचा. मूल स्वतःचं ज्ञान स्वतः रचतं आणि शिक्षक सुलभक असतो, ही भाषा तिथून आली. १ एप्रिल २०१०पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. कृतींतून, शोधातून शिकवावं हे त्याच्या २९व्या कलमातच आहे. पाठोपाठ सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आणि त्याबरोबर वर्णनात्मक नोंदी. प्रत्येक मुलाविषयी काही निरीक्षण लिहायचं. थोड्याच दिवसांत तयार वाक्यांच्या पुस्तिका बाजारात आल्या आणि सगळ्या वर्गाला गटकार्यात रस वाटू लागला. २२ जून २०१५ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला. तेव्हा सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटचं नाव घराघरांत नसलं तरी शाळाशाळांत पोचलं होतं. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी केलेलं ज्ञानरचनावादाचं काम बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या जात होत्या.

आमच्याकडे कुमठे आलं ते ऑइलपेंटच्या डब्यातून. पहिली-दुसरीच्या फरशीवर पेंटरने एक ते शंभरचा चौकोन काढला, बाराखडीचं वर्तुळ काढलं, दारापाशी फुलपाखरू काढलं. पानठेल्यांवरून बाटल्यांची झाकणं गोळा झाली, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधले गेले. फोटो निघाले, ग्रुपवर गेले. पेंट ओला असताना मुलांना महिनाभर व्हरांड्यात बसवलं होतं. पुढे त्या फरशीवर बाकं सरकवून नेहमीचा वर्ग भरू लागला आणि शंभराचा चौकोन बाकांच्या पायांखाली घासत राहिला. मला त्यात कुणाची लबाडी दिसत नाही. कुमठ्याला गेलेल्यांनी परत येऊन जे वर्णन केलं त्यात रंगवलेली फरशी होती, आणि त्या फरशीवर मुलांसोबत खाली बसलेल्या शिक्षिकाही होत्या. रंगाची ऑर्डर देता येते. खाली बसून सात वर्षांच्या मुलाला "तू असं का म्हणतोस?" विचारायचं आणि तो सांगेपर्यंत थांबायचं, याला कुठल्या हेडखाली खर्च टाकणार?

थांबणं हे सगळ्यात कठीण. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून दाखवून दिलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलतात. तीन सेकंद म्हणजे काही नाही, असं वाचताना वाटतं. चाळीस मुलांसमोर, परीक्षा पंधरा दिवसांवर असताना, बाजूच्या वर्गातून पाढ्यांचा आवाज येत असताना थांबून पाहावं.

सलाईनचा धडा असा थांबण्यातूनच निघाला. सातवीला समप्रमाण आणि व्यस्तप्रमाण चालू होतं, पुस्तकातली मजूर आणि दिवसांची उदाहरणं. मागच्या बाकावरची एक मुलगी बोटांनी काहीतरी मोजत होती. विचारलं तर सांगेना. आम्ही दोघीही गप्प. मग म्हणाली, आई रात्रपाळीला थेंब मोजते. आई आया; नळीला हात लावायचा अधिकार सिस्टरचा. पण बाटली संपत आली की सिस्टरला हाक आईनेच मारायची, म्हणून आई आल्या-आल्या थेंब बघून कधी संपेल त्याचा अदमास घेऊन ठेवते. "बरोबर असते तिचा टाइम."

कसा असतो बरोबर? हाच त्या आठवड्याचा प्रश्न झाला.

आधी अंदाज घेतले. पाचशे मिलीच्या बाटलीत थेंब किती? पाचशे, असं सगळ्यात जास्त मुलं म्हणाली. पाचशे लिहिलंय म्हणजे पाचशे. एकाने लाख सांगितले. सगळे आकडे फळ्याच्या कडेला लिहून ठेवले आणि पुसायचे नाहीत असं ठरलं. मेडिकलमधून कोरा सेट आणला, सुई नसलेल्या सिरिंजा आणल्या, साधं पाणी भरलेली बाटली खिडकीच्या गजाला टांगली. एका गटाने एक मिली भरेपर्यंत थेंब मोजले. एकोणीस. दुसऱ्याचे बावीस. तिसऱ्याचे वीस. भांडण जुंपलं, पुन्हा मोजणी झाली, मग कुणीतरी सेटचं पाकीट वाचलं, त्यावर एक मिलीला वीस थेंब असं छापलेलं होतं. छापील आकडा कळल्यावर बावीसवाल्या गटाचा चेहरा पडला, तेव्हा थेंब लहान-मोठा का पडतो यावर मी थोडं बोलले. मग पाचशे गुणिले वीस, दहा हजार थेंब. लाखवाला आणि पाचशेवाले दोघंही फळ्याकडे बघत होते. बाटली आठ तास चालवायची तर मिनिटं चारशे ऐंशी. दहा हजाराला भागलं तर मिनिटाला एकवीसच्या आसपास. मुलीने दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, आई म्हणाली, वीस-एकवीस असले की रात्र निघते.

इथे तो धडा संपला असं मला वाटत होतं. पण एक मुलगा उठला. त्याचा धाकटा भाऊ कधीतरी भरती होता. "मॅडम, लहान लेकराले हा सेट नसते. त्याचा थेंब बारीक असते." खरंच आहे. लहान मुलांसाठी वापरतात त्या सेटमधून एक मिलीला साठ थेंब पडतात. मी ते सांगितलं आणि गणित घातलं: तासाला चाळीस मिली द्यायचं आहे, तर मिनिटाला थेंब किती? वह्यांत चाळीस गुणिले साठ सुरू झालं, दोन हजार चारशे, मग भागिले साठ. चाळीस. पुढचं गणित, तासाला पंचवीस मिली. उत्तर पंचवीस. तिसऱ्या गणिताला त्याच मुलाने पेन खाली ठेवलं. "काहून करून राह्यले बे? साठ न् साठ कटून जाते. जितके मिली तितकेच थेंब!"

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना हा नियम शिकवला जातो. सातवीतल्या पोराने तो बाकावर बसल्या-बसल्या काढला. पण इथे एक गोष्ट नोंदवतेच, कारण असे प्रसंग सांगताना ती सहसा गाळली जाते: त्याला साठाचा गुणाकार येत होता. वर्गात सात-आठ जण असे होते, की चाळीस गुणिले साठ करतानाच त्यांचा दम निघाला, आणि साठ न् साठ कटलेलं त्यांना दिसलंच नाही. २०१५च्या आसपास पाढे पाठ करून घेणं म्हणजे मागासलेपण, अशी हवा होती. मी शेवटपर्यंत पाढे म्हणवून घेतले, एकोणतीसपर्यंत. कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तिघांचा २००६ सालचा एक निबंध प्रसिद्ध आहे. नवशिक्याला मोकळं सोडून "शोध" म्हणणारी पद्धत का चालत नाही, ते त्यात मांडलंय: कार्यरत स्मृतीवर एवढा बोजा पडतो की शिकायला जागा उरत नाही. ज्ञानरचनावादाच्या विरोधात त्याचा दाखला देतात. मला तो विरोधी वाटत नाही. रचायला विटा लागतात एवढंच ते सांगताहेत.

काही गोष्टी तर वर्गात रचताच येत नाहीत. झाडाचं लाकूड कशापासून बनतं, असं विचारल्यावर वहीत एकाच उत्तराच्या ओळी आहेत: मातीपासून. "झाड माती खाते." मग कुंडीतली माती कमी का होत नाही, विचारलं, तर "आपण खत टाकतो ना." उत्तर पक्कं आहे आणि कुठलीही कृती त्याला धक्का लावत नाही. तिथे मी सरळ गोष्ट सांगायची. व्हान हेल्मॉन्ट नावाच्या गृहस्थाने सतराव्या शतकात विलोचं रोप कुंडीत लावलं, माती आधी तोलून घेतली, पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड दीडशे पौंडांहून जास्त वाढलं आणि माती कमी झाली दोनेक औंस. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं. तोही पुरता बरोबर नव्हता. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा वाटा कळायला आणखी शंभरहून जास्त वर्षं लागली. जे शोधायला युरोपातल्या शहाण्यांच्या पिढ्या गेल्या, ते पस्तीस मिनिटांच्या तासात आमच्या मुलांनी गटात बसून शोधावं, ही अपेक्षा मला कधीच पटली नाही. पण "झाड माती खाते" हे आधी बोलून झालेलं असलं की गोष्ट ऐकताना वर्ग चिडीचूप असतो. हवेपासून लाकूड? मुलांना राग येतो. तो राग उपयोगी असतो.

मुलांनी करून शिकायचं हे सगळं परदेशातून आलंय, असं शिक्षक परिषदेत कुणी म्हटलं की मला हसू यायचं. आमच्यापासून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्राम. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने नई तालीमचा आराखडा केला, सूतकताईतून गणित आणि कापसातून भूगोल. आजही सेवाग्रामच्या आनंद निकेतनमध्ये मुलं शेती आणि स्वयंपाक करताना शिकतात. उत्तरेला इटारसीच्या पुढे होशंगाबाद, आताचं नर्मदापुरम. तिथे १९७२मध्ये सोळा शाळांत सुरू झालेला विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम तीस वर्षं चालला. चार-चार मुलांचे गट, हाताने प्रयोग, परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा. २००२मध्ये सरकारने तो बंद केला. त्यांची 'बाल वैज्ञानिक'ची जुनी पुस्तकं माझ्याकडे होती. आमच्या प्रयोगशाळेतल्या कुलूपबंद कपाटापेक्षा जास्त प्रयोग मी त्यांतून घेतले.

नागरिकशास्त्र माझं नव्हे, पण बदली तासाला जायची. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की यशवंत स्टेडियमवर मोर्चे जमतात आणि घोषणा शाळेपर्यंत ऐकू येतात. सरकार म्हणजे कोण, विचारलं. पोलीस, असं उत्तर आलं. मोर्चासमोर तेच उभे असतात, मुलांनी बघितलेलं. पुस्तकात विधिमंडळाचं चित्र होतं आणि बाहेर विनाअनुदानित शाळांचे शिक्षक धरणं धरून बसले होते. तो तास फार बरा झाला.

पालकसभेला ती थेंब मोजणारी आई ड्युटीवरूनच आली होती, गणवेशातच. मुलीचं कौतुक मी बरंच केलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मॅडम, पोर्शन होईल ना पूरा? आठवीले स्कॉलरशिपले बसवाचं आहे तिले." प्रश्न रास्त होता. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत थेंब मोजायला वेळ मिळत नाही, पर्याय रंगवायचे असतात. मी तिला सांगितलं, पोर्शन होईल. आणि व्हायचा, कारण निम्मे धडे मी सरळ फळ्यावर शिकवत असे. विभाज्यतेच्या कसोट्या, एककं, सजीवांचं वर्गीकरण, नावं, चिन्हं: सांगा, करून घ्या, पुढे चला. वाचलेला वेळ अपूर्णांक, दशांश, प्रमाण, उष्णता आणि हवेच्या दाबाला द्यायचा, कारण तिथे प्रत्येक मूल घरून काहीतरी समजूत घेऊन आलेलं असतं आणि ती न विचारता शिकवलेलं परीक्षेनंतर राहत नाही. ही वाटणी कुठल्या आराखड्यातली नाही. वही भरत गेली तशी ती ठरत गेली. ज्या धड्यांना नोंदी जास्त, त्यांना वेळ जास्त.

त्या हिशेबाने सगळ्यात जास्त वेळ बैजिक राशींना द्यायला हवा. त्यांच्या नोंदींनी सर्वांत जास्त पानं भरली आहेत, आणि तिथे दवाखाना, मेडिकल, पानठेला काहीच मदतीला येत नाही. दोन एक्स अधिक तीन बरोबर पाच एक्स, हे दरवर्षी येतं. आंबे आणि संत्री वेगळी ठेवून पाहिली, त्याने घोळ वाढतोच, कारण एक्स ही वस्तू नसून संख्या आहे. माझ्या जागी आलेली तरुण शिक्षिका आता डब्यात लपवलेल्या गोट्यांनी सुरुवात करते. किती गोट्या आहेत ते माहीत नाही, तीन बाहेर आहेत, तर एकूण कसं लिहाल? तिचा अनुभव माझ्यापेक्षा बरा आहे म्हणते. तरी मागच्या महिन्यात तिच्या वर्गातल्या एकाने डबा, गोट्या सगळं झाल्यावर पुन्हा पाच एक्स लिहिलं. तिने का म्हणून विचारलं, थांबली. तो म्हणाला, "बेरजेचं चिन्ह आहे ना, मॅडम. बेरीज अर्धी कशी सोडू?"